पाण्याला न भिणारी निळी शाई

एका बाईला एवढी फाउंटन पेनं कशाला लागतात, असं माझ्या भावानं एकदा चारचौघांत विचारलं होतं. त्याच्या दारात दोन गाड्या आणि एक बुलेट उभी असते, त्याला कुणी काही विचारत नाही. मी कॉलेजात मराठी शिकवते. संध्याकाळी पेनं धुऊन, पुसून, त्यांत वेगवेगळ्या शाया भरून लिहून बघते. कुणी पत्ते कुटतं, कुणी सिरियल बघतं. मला शाई कागदावर कशी बसते ते बघायला आवडतं. हौसेपायी पुष्कळ शाया तपासल्या. पण ज्या एका निळ्या शाईपायी मी घरातली परात, बादली आणि स्वतःचं डोकं खराब करून घेतलं, ती माझ्यासाठी नव्हती. ती आईला हवी होती.

आई जप लिहिते. एकरेघी वहीत ओळीनं 'श्री गुरुदेव दत्त', पानामागून पान, लाख पुरे होईपर्यंत. सुरू करताना काहीतरी मागून घ्यायचं, तो संकल्प. लाख झाले की वह्या नरसोबाच्या वाडीला न्यायच्या आणि नदीत सोडायच्या. आमच्याकडं बऱ्याच बायका हे करतात, कुणाला त्यात नवल वाटत नाही.

आई तेव्हा भावाकडं राहायची, दुधाळीच्या बाजूला, पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर. भावाच्या घरात नवरा-बायकोची रोज वाजायची, ते मिटावं म्हणून तिचं लिहिणं चाललं होतं. अर्ध्याच्या पुढं लिहून झालं होतं आणि तो मोठा महापूर आला. पाणी चढायला लागल्यावर भावानं आईला माझ्याकडं आणून सोडलं, कळंब्याच्या बाजूला, माझा फ्लॅट उंचावर आहे म्हणून. मग त्यानं टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर, घराची कागदपत्रं सगळं माडीवर चढवलं. देव्हाऱ्याखालच्या वह्या तेवढ्या कुणाच्या ध्यानात आल्या नाहीत.

पाणी उतरल्यावर मी आणि आई गेलो. चिखलातनं वह्या काढल्या, तर प्रत्येक वही फुगून उशीएवढी झालेली. आईनं एक पान सोडवून उन्हाला धरलं. पानभर नुसता फिकट निळा डाग. एक अक्षर म्हणून शिल्लक नाही. साधी शाळेची शाई होती ती, पाणी दिसलं की पळणारी. भाऊ चिखल ओढता ओढता म्हणाला की आई, पाण्यातच सोडायच्या होत्या की, आपोआप गेल्या, वाडीची खेप वाचली. मदतीला आलेली पोरं हसली. आईची जाऊ तर त्याच्याही वरची. ती म्हणाली, वाडीत पुराचं पाणी पादुकांना लागलं की लोक अंघोळीला धावतात, आणि तू रडतीस? दत्त महाराज स्वतः घरी येऊन वह्या घेऊन गेले असं समज. शहाणपण शिकवायला लोकांना काय लागतं? स्वतःचं काही बुडालेलं नसलं म्हणजे झालं.

आईला ते पटलं नाही. अर्धवट नाम देव नेत नाही, एवढंच ती म्हणाली आणि ते पान घडी घालून कमरेला खोचलं.

भाऊ मग दुधाळी सोडून गडमुडशिंगीला गेला. प्लॉट घेतला, घर बांधलं. घर होईपर्यंत आई माझ्याकडं राहील असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यानं सांगितलं, आम्ही ऐकलं. घर झालं. मग वरचा मजला होऊ दे म्हणाला. वरचा मजला झाला, तर तिथं मेहुण्याचं बिऱ्हाड आलं. आणि आई माझ्या घरात पाहुणीसारखी राहत राहिली. कपड्यांची पिशवी कधी उघडून कपाटात लावली नाही. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला, तो तसाच रिकामा राहिला. लेकीच्या घरी चार दिवस राहावं, पाणी प्यावं आणि उठावं, ही तिच्या माहेरची, मुरगूडची शिकवण. लेकीच्या दारात मरण आलं तर वाईटच. मी नवऱ्याचं घर सोडून आले होते तेव्हाही याच शिकवणीनं मला आठवड्याच्या आत परत पाठवायला निघाली होती. मी गेले नाही, खोली घेऊन राहिले. तेव्हापासून माझं मीच बघते आहे, आणि कौतुक म्हणाल तर घरात कुणाला नाही.

तर एक दिवस आई म्हणाली की तिला परत लिहायचंय. पहिल्यापासून. आणि यावेळी संकल्प वेगळा होता. तो तिनं लपवला नाही. सकाळी अंघोळ करून बसली, हातावर पळीभर पाणी घेतलं, ताम्हणात सोडलं आणि मोठ्यानं म्हणाली की महाराज, माझा शेवट लेकाच्या घरात होऊ द्या. मी ओट्याशी तिच्या नाश्त्यासाठी पोहे भिजवत होते. खोटं कशाला बोलू, भांडं आपटलं मी.

त्यानंतर तिनं माझ्याकडं शाई मागितली. महापूर आला, छप्पर उडालं, कायबी झालं तरी एक अक्षर हलता कामा नये. तुझ्याकडं एवढ्या बाटल्या हायत, त्यातली एक काढ म्हणाली.

बॉलपेन घे म्हटलं, विषय संपला. तर बॉलपेन दाबावं लागतं. तिचा अंगठा सांधेदुखीनं वाकडा झालाय, निबाचं पेन आपोआप सरकतं, ते तिला जमतं. काळी शाई देवाच्या नावाला चालत नाही. लाल शिक्षकांची. म्हणजे निळीच पाहिजे. आता पाण्यात टिकणारी काळी शाई कुठंही मिळते. निळी मिळणं महामुश्कील. माझ्याकडच्या सगळ्या निळ्या दिसायला देखण्या, पण पाण्याचा थेंब पडला की तोंड फिरवणाऱ्या. मी मागवायला सुरुवात केली. महाद्वार रोडच्या दुकानदाराला पिडलं, ऑनलाइन शोधलं, बाटलीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलंय म्हणून भुलले आणि पस्तावले.

तपासायची माझी रीत ठरलेली. आई ज्या वहीत लिहिणार त्याच वहीचा कागद घ्यायचा, कारण भारी कागदावर कुठलीही शाई शहाण्यासारखी वागते. त्याच्या पट्ट्या कापायच्या, लिहायचं, सुकू द्यायचं. पावसाळ्यात आमच्याकडं पापड सुकत नाहीत तिथं शाई काय सुकते! पंख्याखाली पट्ट्या टाकायच्या आणि वाट बघायची. मग आधी एक थेंब, मग नळाची धार, मग परातीत कडधान्यासारखं रात्रभर भिजत घालायचं.

पहिल्याच पट्टीला भांडण झालं. मी सहज 'श्री गुरुदेव दत्त' लिहून नळाखाली धरायला निघाले, तर आई धावत आली. देवाचं नाव मोरीत सोडतीस? बरं, राहिलं. मग मी भावाचं नाव लिहिलं. मुद्दाम नाही हं, चार अक्षरं पाहिजे होती, सुचली ती लिहिली. तेही आईनं हातातनं ओढून घेतलं. जितंजागतं लेकरू, त्याचं नाव पाण्यानं पुसून बघायचं? अभद्र कुठली! मग मी माझं नाव लिहिलं. आईनं वाचलं आणि भाजी निवडायला बसली.

तेव्हापासून सगळ्या पट्ट्यांवर माझंच नाव. आठवडेच्या आठवडे मी माझं नाव लिहिलं आणि मोरीत सोडलं. कधी एका धारेत सगळं गेलं. कधी आधी काना गेला, मग वेलांटी. एका शाईत निळा रंग गेला आणि खाली करडी सावली उरली, वाचता येण्यासारखी. माझ्या मते ती पास होती. आई म्हणाली, राखेचा रंग हाय, नको. एक शाई पाण्यात टिकली, पण त्या वहीच्या कागदावर अशी फुटली की अक्षराला मिशा आल्या. एक मागच्या पानावर उतरायची. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही उगीच नाही.

शेवटी एक सापडली. गडद, ठाम निळी, बाटली हलवून घ्यावी लागायची कारण रंग तळाला बसायचा. सुकल्यावर नळाखाली धरली, काही नाही. रात्रभर भिजवली, काही नाही. कपड्याच्या साबणानं चोळली, काथ्यानं घासली; कागद फाटला, पण अक्षर जागचं हललं नाही. मी पट्टी घेऊन नाचतच आईकडं गेले. तिनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली,

"महापुराचं पाणी काय नळातनं येतंय व्हय गं?"

कपाळावर हात मारून घेतला मी. पण बोलणं खरं होतं. पुराच्या पाण्यात माती असते, गटार असतं, गाड्यांचं तेल असतं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर कॅन घेऊन पंचगंगेवर गेले. गढूळ, लाल पाणी भरून आणलं. बादलीत ओतलं, वर स्कूटरचं ऑइल टाकलं आणि पट्ट्या बुडवून झाकण ठेवलं. घरभर वास. शेजारीण विचारायला आली, काय कुजलंय का. दोन-तीन दिवसांनी काढल्या तर पट्ट्या मातीच्या रंगाच्या झाल्या होत्या, आणि त्यावर माझं नाव जसंच्या तसं. निळंशार. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आईनं पट्टी पुसून दोन्हीकडनं पाहिली आणि मान हलवली. ही चालंल.

त्यानंतरची वर्षं त्या शाईची सेवा करण्यात गेली. ती शाई पेनात ठेवली की गच्च बसते, म्हणून दर रविवारी आईचं पेन सोडवून कोमट पाण्यात धुवायचं, निब घासायची, परत भरायचं. माझ्या बोटांवरचे डाग निघेनात. वर्गात पोरं विचारायची, मॅडम, निवडणूक आमच्या गल्लीत कधी हाय? मीही हसायचे. सकाळी मी डबा करत असायचे आणि आत आई पाणी सोडून तेच मागायची. लेकाच्या घरात. लेकाच्या घरात. रोज ऐकून कान किटले. एकदा न राहवून विचारलं, आई, माझ्यासाठी कधी काही मागितलंस का गं?

ती वहीवरनं मान वर न करता म्हणाली, "तुझं तू बघतीस की."

तिच्या मनानं ते कौतुक असेल. मला तसं वाटलं नाही. पेन पुन्हा धुणार नाही असं त्या दिवशी ठरवलं, आणि रविवार आल्यावर धुतलं. काय करणार, तिला दुसरं कोण होतं? सर्दी झाली तर माझ्या घरात, पाय घसरला तर माझ्या न्हाणीत, डोळ्याचं ऑपरेशन झालं तर माझ्या रजेवर. भाऊ भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा, आईच्या मांडीवर डोकं ठेवायचा आणि न्यायला येतो की म्हणून जायचा. तो गेल्यावर आई पिशवी एकदा उघडून, नीट लावून परत बंद करायची.

लाख पुरे झाले ते याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला. आईनं भावाला फोन केला आणि पठ्ठ्या गाडी घेऊन हजर. देवाचं काम म्हटल्यावर त्याला वेळ असतो. वह्या लाल कापडात बांधल्या, आई नवं लुगडं नेसली. तिनं पिशवीही बरोबर घेतली. मी बघितलं, भावानंही बघितलं. तो म्हणाला, आई, पिशवी कशाला, संध्याकाळी परत यायचंय. ती म्हणाली, असू दे.

वाडीला घाटावर एकानं अडवलं. आता वह्या नदीत सोडू देत नाहीत, पाणी घाण होतं, इथं ठेवा, आम्ही बघतो, असं तो सभ्यपणे सांगत होता. भावानं आवाज चढवला. आईनंच त्याला गप्प केलं. वह्या ठेवते म्हणाली, पण एक पान मला माझ्या हातानं पाण्यात धरू दे. तो माणूस हो म्हणाला.

मी आईला धरून खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसवलं. तिनं शेवटच्या वहीतलं शेवटचं पान फाडलं आणि दोन्ही हातांनी पाण्याखाली धरलं. पाणी पानावरनं वाहत होतं. ती वाट बघत होती. मला वाटलं, तोंडानं काही म्हणायचं असेल. थोड्या वेळानं भावाला म्हणाली, आता बघ, निळी धार सुटंल. तू व्हायच्या आधी मी लाख लिहिलं हुतं, मुलगा होऊ दे म्हणून. ही तान्ही हुती तवा. याच घाटावर सोडलं, पाण्यातनं निळी धार गेली लांबपतोर. तवाच म्हटलं, घेतलं महाराजांनी. वर्षात तू झालास.

मी तिचा दंड धरून बसले होते. ती तान्ही म्हणजे मी. मी पाळण्यात असताना ती मुलगा मागत होती हे मला या वयात, गुडघाभर पाण्यात कळलं. आणि दुसरं कळलं ते त्याहून वाईट. पाण्याला न भिणारी शाई मागितली तेव्हा तिला महापूर दिसत होता. शोधली तेव्हा मलाही महापूरच दिसत होता. शेवटी हे सगळं पाण्यालाच द्यायचंय, आणि दिलेलं पाण्यानं घेतलं पाहिजे, हे ना तिच्या डोक्यात आलं ना माझ्या.

पान वाहत्या पाण्यात तसंच. एकेक अक्षर ठसठशीत. आईनं अंगठ्यानं चोळलं. वाकड्या अंगठ्यानं जोर लावून लावून चोळलं. कागदाचा लगदा झाला, तिच्या बोटांत आला, आणि लगद्यावरसुद्धा 'दत्त' वाचता येत होतं. भाऊ वरच्या पायरीवरनं हसला. ताई, शाई लई भारी हाय की तुझी, म्हणाला.

आईनं माझ्याकडं बघितलं.

"मुद्दाम केलंस तू," ती म्हणाली. "तुझ्याच दारात मरू दे म्हणून."

मी सांगायला गेले. आई, तूच म्हणालीस, अक्षर हलता कामा नये. पंचगंगेचं पाणी मी आणलं, बादलीत तेल मी ओतलं. पण तिला ऐकायचंच नव्हतं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. तिनं माझा हात दंडावरनं काढला आणि भावाला हाक मारली, मला उठव. त्यानं उठवलं. झालं की आई, भिजलं म्हणजे पोचलं, असं म्हणून त्यानं बासुंदी घेतली, कवठाची बर्फी घेतली, आणि दिवेलागणीला आम्हाला माझ्या दारात सोडलं. वर आला नाही. गाडी नो पार्किंगमध्ये होती. आईची पिशवी मी जिना चढून वर आणली.

मग ती माझ्याशी बोलेना. जेवायची, पण ताट ठेवून मी बाहेर गेल्यावर. मी चिडले, आदळआपट केली, एकदा तर बोलूनही टाकलं की जा, लेकाकडं जा, बघू तो दार उघडतो का. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. फोन करून भावाला म्हटलं, चार दिवस तरी घेऊन जा तिला. तो म्हणाला, ताई, बघतो, या महिन्यात जरा अडचण हाय. किती वर्षं एकच महिना चाललाय त्याचा कुणास ठाऊक.

शेवटी मीच उठले. महाद्वार रोडला गेले आणि पोरं शाळेत वापरतात ती सगळ्यात साधी निळी शाई मागितली. दुकानदार ओळखीचा, थट्टेनं म्हणाला, मॅडम, ही तर घामानंसुद्धा जाईल. म्हटलं, तीच द्या. नव्या वह्यांचा गठ्ठा घेतला. घरी येऊन आईच्या पेनातली जुनी शाई धुऊन काढली. पाणी बदलून बदलून धुतलं, शेवटचा निळा ठिपका निघेपर्यंत. साधी भरली. एका चिठोऱ्यावर दोन ओळी खरडल्या, सुकू दिल्या आणि आईला हाताला धरून मोरीपाशी आणलं. ये, तुझ्या डोळ्यांनी बघ म्हटलं. नळ सोडला. अक्षरं सुटली, निळं पाणी मोरीच्या जाळीकडं गेलं, आणि हातात कोरा कागद राहिला.

ते पाणी जाळीतनं पार जाईपर्यंत आई बघत होती. मग वळली, माझ्या गालांवरनं दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

"गुणाची गं माझी बाय," म्हणाली, आणि वही घेऊन लिहायला बसली.